पापडांची सभा

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पापडाला किती बायका बसल्या आहेत, हे माझी आई घरातल्या घरात, नुसत्या आवाजावरून सांगायची. परतूरचा उन्हाळा, जेवणानंतरची वेळ, गल्लीतली कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेली, आणि भिंतीपलीकडून लाटण्यांची खटखट चाललेली. मधूनच बांगड्या वाजायच्या, मधूनच कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि सगळ्या एकदम हसायच्या. आई आमच्या स्वयंपाकघरात डाळ निवडता निवडता हात थांबवायची, कान द्यायची आणि म्हणायची की आज पाटलिणीकडं बरंच मोठं बसलंय, पण त्यात एक नवी सून दिसते, तिचं लाटणं सारखं पोळपाटावरून घसरून राह्यलंय. दुसऱ्या दिवशी नळावर खात्री करावी तर आईचं बरोबर निघायचं. लोक रेडिओ ऐकतात तशी ती गल्ली ऐकायची.

ही गल्ली मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागं नव्यानं पडलेल्या प्लॉटांवरची. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं दोन खोल्या बांधल्या होत्या. पुढं अंगण, मागं मोरी आणि मधल्या भिंतीला लागून एक कडुलिंब, ज्याची सावली निम्मी आमच्यात आणि निम्मी शेजारच्या पाटलांच्यात पडायची. कचरा मात्र सगळा आमच्यात पडायचा. दादा शाळेत मास्तर. गल्लीतली बाकीची घरं बहुतेक शेतकऱ्यांची, खेड्यातली जमीन भावाच्या नाहीतर वाटेकऱ्याच्या भरवशावर टाकून मुलांच्या शाळेसाठी गावात आलेल्यांची. आम्ही बौद्ध. आमच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर त्यातली काही माणसं माझ्यावर रागावतील, आणि ती अजून फोन करतात. नळावर बोलायचे, पाहुणे आले की आमची खाट मागून न्यायचे, पोरगं पास झालं की पेढा आणून द्यायचे. फक्त पापडाला बोलवायचे नाहीत. नाही असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. हो म्हणायची वेळ कुणी येऊ दिली नव्हती, इतकंच.

आता पापडाचं बोलावणं ही काय चीज होती, हे आजच्या पाकीट फोडून पापड भाजणाऱ्या मुलींना सांगावं लागतं. उडदाचं पीठ एकदा भिजवून कुटलं की ते त्याच दिवशी लाटून संपवावं लागतं. ते कुणासाठी थांबत नाही. आणि वर्षभराचे पापड एकट्या बाईच्यानं लाटून होत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी दिवे लागायच्या आत त्या घरची बाई स्वतः मागच्या दारानं घरोघर जायची आणि चुलीजवळ उभी राहून सांगायची, उद्या आमच्याकडं पापड हायेत, लाटणं घेऊन या. पुढच्या दारानं नाही, पुरुषाजवळ निरोप नाही, पोराच्या हाती नाही. बायका आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायच्या. मजुरी नसायची. ज्या घरी लाटायचं त्या घरानं कच्च्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खायला द्यायच्या, वर चहा द्यायचा, आणि तुमच्या पापडाच्या दिवशी तुमच्या दारात येऊन बसायचं. ज्या बाईला कुणी बोलावलं नाही तिच्याकडं कुणी येणार नाही, हा त्यातला न सांगितलेला भाग.

आई अंबडकडच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरच्या वस्तीत सगळ्या बाया विहारापुढच्या मोकळ्या जागेत एकत्र बसून लाटायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या. ती सवय घेऊन ती या गल्लीत राहायला आली आणि दोन उन्हाळे तिनं माझ्याबरोबर पापड लाटले. मी तेव्हा आठवी-नववीत, आणि माझ्या हाताला लाटणं म्हणजे शिक्षा. माझा पापड एका बाजूनं पारदर्शक आणि दुसऱ्या बाजूनं धपाट्यासारखा व्हायचा. आई तो पुन्हा गोळा करून माझ्यापुढं ठेवायची. शेजारची खटखट ऐकत, आमची दोन लाटणी जरा हळूच चालवायची. आपण त्यांचं ऐकतो तसं त्यांनाही आपलं ऐकू जात असणार, हे तिला चांगलं कळत होतं.

दादांना हे तिसऱ्या उन्हाळ्यात कळलं. कळलं म्हणजे त्यांनी दुपारी झोपायचा प्रयत्न केला, खटखटीनं झोप लागेना, आणि त्यांनी विचारलं की हा आवाज आपल्या घरातून का येत नाही. आईनं कारण सांगितलं. दादा उठून बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "आपण सभा घेऊ."

दादांचा सभेवर भारी विश्वास होता. घरात उंदीर झाले तेव्हासुद्धा त्यांनी जेवताना आधी विषय मांडला, मग आम्हा तिघा भावंडांना मतं विचारली, मग ठराव केला, आणि तोवर उंदरानं गुळाची ढेप अर्धी केली. आम्ही हसायचो. पण आज मला त्यांच्या त्या विश्वासाचं हसू येत नाही. ते ज्या वस्तीत वाढले तिथं हातपंप आला तो सभेनं, रात्रीची शाळा निघाली ती सभेनं, आणि बसायला खुर्ची मिळाली तीही सभेनंच. माणसं एकत्र बसली, प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं, कुणीतरी अध्यक्ष झाला, की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. पापडाचा प्रश्न त्यांना हातपंपापेक्षा सोपा वाटला.

शाळेत जशी सूचना फिरते आणि सगळे मास्तर त्यावर सह्या करतात, तशी त्यांनी एक सूचना सुवाच्य अक्षरात लिहिली. येत्या रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता आमच्या राहत्या घरी परिचय मेळावा आयोजित केला असून तदनंतर गृहोद्योगाचे प्रात्यक्षिक होईल, तरी सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. पापड हा शब्द त्यांना सूचनेत बरा वाटेना. तो कागद घेऊन ते संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर गेले आणि गल्लीतल्या एकूणएक कुटुंबप्रमुखाची सही घेऊन आले. आमच्या भागात माणूस सही करायला कधी मागंपुढं पाहत नाही, कागद वाचायचा असेल तर मात्र त्याला चष्मा सापडत नाही.

आईनं सह्या पाहिल्या. यात एक तरी बाई हाय का, असं तिनं विचारलं. दादा म्हणाले, सहकुटुंब लिहिलंय. आई म्हणाली की आपल्याकडं सहकुटुंब म्हणजे घरातला एक पुरुष, आणि मला पापडाला पुरुष नको. मग तू जाऊन बोलाव, असं दादा म्हणाले, आणि आई पुन्हा सह्यांकडं बघायला लागली. मागच्या दारात उभं राहून बोलवायचं आणि समोरच्या बाईनं 'बघते' म्हणायचं, हे तिला झेपणारं नव्हतं. कागदाला कुणी 'बघते' म्हटलं तर कागदाला काही वाटत नाही. म्हणून ती कागदाच्या भरवशावर राहिली. भरवसा म्हणजे काय, रुपयातला एक आणा. पण मामाच्या शेतातले होते नव्हते ते सगळे उडीद तिनं दळून आणले. थोडंच भिजव, असं मी म्हटलं तर म्हणाली, बाया आल्या आन पीठ कमी पडलं तर काय इज्जत राहील? मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. बाया येणार नाहीत असं ती म्हणत होती आणि पुरेल की नाही याची काळजी करत होती.

रविवारी पहाटे पापडखार उकळला, हिंग आणि मिऱ्यांचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला. आईनं पीठ मळलं आणि आम्ही दोघींनी अंगणात मुसळीनं ते कुटायला घेतलं. मी दमायचे, ती दमायची नाही. दोन्ही हातांनी ओढलं की पीठ चकचकीत होऊन लांब व्हायला लागलं, तेव्हा ती थांबली. तिकडं दादांनी शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या. एक टेबल, त्यावर चादर, त्यावर तांब्यात कण्हेरीची फुलं, आणि मागं हाताची एकच खुर्ची अध्यक्षांसाठी. अंगणाच्या अर्ध्या भागात आईची सतरंजी, पोळपाट आणि पापड घालायला धुतलेली जुनी धोतरं, अर्ध्या भागात दादांची सभा. आई तिच्या भागात कुणी बसतंय का पाहत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

नऊच्या पुढं फाटक वाजलं आणि एकेक कुटुंबप्रमुख यायला लागला. पाटीलकाका इस्त्रीचा सदरा घालून, मिशांना तेल लावून आले. गृहोद्योग म्हणजे सरकारी योजना असणार असं समजून त्यांनी खिशात रेशनकार्ड आणलं होतं. त्यांच्यामागं कंपाउंडरकाका, गावातल्या एका दवाखान्यात पुड्या बांधणारे, बारीक अंगाचे आणि बारीक आवाजाचे. मग मापारीकाका, जे मोंढ्यात कापसाची आणि ज्वारीची मापं करायचे आणि हिशेब चुकू नये म्हणून बोलतानाही मधेच थांबायचे. आणखी दोघेतिघे. प्रत्येकाच्या मागं आई फाटकाकडं पाहायची, की आता मागून लुगडं दिसेल. प्रत्येकाच्या मागं फाटक लागत होतं. शेवटचा माणूस बसल्यावर आईनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. मला तेव्हा दादांचा इतका राग आला की तो तांब्या फुलांसकट उलटा करावासा वाटला.

दादा खूश होते. उपस्थिती शंभर टक्के. पाटीलकाकांना अध्यक्ष केलं, हार घातला, आणि परिचय सुरू झाला. प्रत्येकानं उभं राहून नाव, गाव आणि काम सांगायचं. हे लोक रोज टपरीवर एकमेकांच्या बशीतला चहा ओढणारे, पण उभं राहून बोलायचं म्हटल्यावर प्रत्येकाची जीभ टाळूला चिकटली. तरी गंमत अशी की त्यातूनही काहीबाही निघालं. कंपाउंडरकाका आणि मापारीकाका एकाच शिवेवरच्या दोन गावांचे निघाले आणि भर सभेत त्यांनी दोन गावांमधल्या ओढ्याचं भांडण उकरून काढलं. पाटीलकाकांनी अध्यक्षीय भाषणात योजना कधी सुरू होणार असं विचारलं. मी चहा नेऊन दिला, सगळ्यांनी घेतला, कुणी मागंपुढं पाहिलं नाही. पुरुषांचं सोवळं टपरीवरच सुटलेलं असतं. घरातलं सोवळं सांभाळायचं काम बायकांकडं दिलेलं असतं.

इकडं पीठ ओल्या फडक्याखाली बसलं होतं आणि उन्हं चढत होती. आईनं मला दोनदा दादांच्या कानात सांगायला पाठवलं. दादांनी दोन्ही वेळा हातानं थांब अशी खूण केली. सभेत विषय ओढ्याचा चालू होता. शेवटी आईनं फडकं उचलून पिठाला बोट लावलं, कडेला पापुद्रा धरायला लागला होता. ती तशीच उठली, डोक्यावर पदर घेतला आणि त्या सगळ्या पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली. गल्लीतल्या माणसांपुढं ती एक वाक्य कधी बोलली नव्हती. 

"पीठ वाळून राह्यलंय," ती म्हणाली. "मीटिंग झाली आसंल तर लाटणी घ्या हातात."

सगळे हसले. आई हसली नाही, तेव्हा सगळे थांबले. मग सगळ्यांनी दादांकडं पाहिलं. दादांनी घसा खाकरला, प्रात्यक्षिकाला सुरुवात होत आहे असं जाहीर केलं, बाह्या वर सारल्या आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. आता यजमानच बसला, चहा पोटात गेलेला, आणि गळ्यात हार घातलेला अध्यक्ष पळून जाणार कुठं? पाटीलकाका हारासकट खाली बसले. घरात पोळपाटं तीनच. उरलेल्यांना मी ताटं उपडी घालून दिली. लाटण्यांच्या जागी एकाला काचेची बाटली मिळाली, एकाला रवीची दांडी.

त्यानंतर जे झालं ते मी कितीतरी लग्नकार्यांत सांगितलंय आणि प्रत्येक वेळी लोकांना वाटतं मी पदरचं घालते. कंपाउंडरकाकांनी लाटीचे तुकडे करून गोळ्यांच्या मापाचे पापड केले, म्हणाले, दिवसातून तीन घ्या. मापारीकाका प्रत्येक लाटी तळहातावर तोलून पाहायचे, जड वाटली की चिमूट काढायचे, हलकी वाटली की लावायचे, आणि तासाभरात त्यांचे दोन पापड झाले. पण वजनाला दोन्ही बराबर होते. पाटीलकाकांनी लाटणं बाजूला ठेवलं आणि भाकरीसारखा हातावर थापायला घेतला. तो पापड इतका जाड झाला की धोतरावर घातल्यावर धोतर उडू नये म्हणून दगडाचं काम करत होता. दादा एका लाटीनंतर उठले आणि प्रत्येकाच्या मागं उभे राहून उत्तेजन देत होते. आणि माणसं रंगात आली. कुणाचा पापड गोल यावर पैज लागली, ओढ्याचं भांडण विसरलं, अंगणात असा गोंधळ उठला की गल्ली ऐकत राहिली. आई लाट्या कापत होती. दोऱ्याचं एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला, एक हातात, आणि नजर खाली. आपल्या भावाच्या उडदाची ही दशा ती बघत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. 

पाटलांकडं जेवणं खोळंबली होती. काकूंनी पोराला बघायला पाठवलं. पोरगं फाटकातून डोकावलं, डोळे मोठे करून बघितलं आणि पळत सुटलं. "पप्पा पापड लाटून राह्यले" ही आरोळी आम्हाला इकडं ऐकू आली. 

पाटलीणकाकू फाटकात येऊन उभ्या राहिल्या. अंगानं भरभक्कम, आवाज मोंढ्यात लिलाव पुकारायच्या लायकीचा, आणि पापडाच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा. त्यांनी आधी नवऱ्याच्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं. मग धोतरावरच्या पापडांकडं पाहिलं. एकेक पापड बघत त्यांची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते खरं होतं, मी शपथेवर सांगते. हे काय करून ठेवलंय, असं त्यांनी विचारलं. पाटीलकाकांनी योजना म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आई उठली. नजर वर करून म्हणाली, "या."

काकू फाटकातच उभ्या. एक पाय आत नाही, बाहेर नाही. तीन वर्षांत त्या आमच्या अंगणात आल्या नव्हत्या. त्यांचं काय चाललं होतं ते मला तेव्हाही दिसलं आणि आज आठवलं तरी दिसतं. आत यायचं म्हणजे बसायचं, बसायचं म्हणजे खायचं, आणि मागून गल्लीच्या पन्नास जिभा. पण दुसरीकडं ते पीठ. चांगलं कुटलेलं, मनासारखं चकचकीत पीठ फडक्याखालून वाळत चाललेलं, आणि त्यावर सात पुरुष तुटून पडलेले. शेतकऱ्याची बाई होती ती. उडदाचा नास तिला बघवेना.

"आगं पीठ मरून राह्यलंय," त्या म्हणाल्या, आणि आत आल्या. आल्या त्या सरळ नवऱ्याच्या हातातली लाटी काढून घेऊन. तिथूनच भिंतीकडं तोंड करून त्यांनी हाळी दिली की लाटणी घिऊन या गं जल्दी, मास्तरीणबाईंकडं, भाकऱ्या मंग टाका. ती हाळी मोंढ्यापर्यंत गेली असेल. थोड्या वेळात काखेत पोळपाटं मारून गल्लीतल्या बायका आल्या, काही पापडासाठी आणि काही नुसतं नवऱ्यांना बघायला. पुरुषांची पांगापांग झाली. पाटीलकाकांना काठी देऊन कावळे हाकायला बसवलं. हार तेवढा गळ्यातच राहिला. अध्यक्षांच्या खुर्चीवर धोतर पसरलं, टेबलावर पसरलं, सभेची सगळी जागा पापडांनी घेतली. पुरुषांनी लाटलेलं सगळं काकूंनी खरवडून काढलं, तेलाचा हात लावून आईकडं दिलं आणि पुन्हा कुटायला सांगितलं. दादा म्हणाले, हा सभेचा अवमान आहे. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आणि मग आमच्या अंगणातून तो आवाज निघायला लागला. दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला, आता आमच्या मधोमध. बायका बोलायला लागल्या. सभेत जे नाव-गाव-काम सांगून झालं नव्हतं ते लाटता लाटता झालं. कंपाउंडरकाकूंचं माहेर बदनापूरचं आणि त्यांना रेल्वेची शिट्टी ऐकल्याशिवाय झोप येत नाही. पाटलीणकाकूंना लग्नात सासूनं शिळी भाकरी वाढली होती आणि ते त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत. आईला कुणीतरी विचारलं, दोरा अंगठ्याला बांधायचं कुठून शिकलात, आणि आई माहेरच्या वस्तीबद्दल बोलायला लागली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती पाटीलकाकांच्या थापलेल्या पापडाची नक्कल करून दाखवत होती आणि कावळे हाकणारे पाटीलकाका आकाशाकडं बघत होते.

मग ती वेळ आली. आई उठली, आत गेली, आणि लाट्यांची पितळी घेऊन बाहेर आली. वर करडईचं ताजं तेल. रीत होती, देणं भाग होतं. तिनं पितळी सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि मागं सरकून बसली. एकेक लाटणं थांबलं.  मी पितळीकडं बघत होते, आई स्वतःच्या हातांकडं. एक बाई म्हणाली, मला बाई आज उपास हाय. सकाळी नळावर तिनंच पोह्यांत शेंगदाणे जास्त झाल्याचं सांगितलं होतं. दुसरीनं पोट दुखतं म्हणायची तयारी केली असावी, कारण तिचा हात पोटाकडं गेला. मला वाटलं आता आई पितळी उचलेल आणि आत नेईल, आणि पुन्हा आयुष्यात कधी बाहेर आणणार नाही.

पाटलीणकाकूंनी हातातला पापड आधी पूर्ण केला. कड नीट केली, धोतरावर घातला. मग तेलकट हात पुढं करून एक लाटी उचलली, तेलात नीट बुडवली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. उडदाची लाटी चावायला वेळ लागतो, त्या दिवशी जास्तच लागला. गिळली, जीभ टाळूला लावून बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खार जास्ती झालाय, मास्तरीणबाई."

मग कंपाउंडरकाकूंनी घेतली. मग पोटाकडं हात गेलेल्या बाईनं त्याच हातानं घेतली. त्या उन्हाळ्यात आईला बहुतेक घरांतून मागच्या दारानं बोलावणं आलं, आणि पुढच्या उन्हाळ्यातही. एका घरातून कधीच आलं नाही. ज्या बाईला त्या दिवशी उपास होता, तिचा तो उपास आम्ही परतूर सोडेपर्यंत सुटला नाही. तिचं नाव मी लिहीत नाही, तिच्या मुली माझ्या मैत्रिणी आहेत. दादांनी मात्र जन्मभर हा सभेचा विजय मानला. पुढं कुठल्याही गावी बदली झाली की पहिल्या महिन्यात ते परिचय मेळाव्याची सूचना लिहायला बसायचे, आणि आई त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यायची.

पण त्या दिवशी, खार जास्त झालाय हे शब्द ऐकल्याबरोबर आई उठून आत गेली होती.  एवढ्या बायकांपुढं, इतक्या दिवसांनी, आणि असं तोडून बोलायचं? मी तिच्या मागं धावले. ती स्वयंपाकघरात मांडणीला टेकून उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरलेला, खांदे हलत होते. मी तिला मिठी मारली, म्हटलं, जाऊ दे आई, तिला काय कळतंय, खार बिलकुल बराबर हाय. तिनं मला दूर ढकललं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"येडे," ती म्हणाली, "खाल्लं तवाच कळलं ना तिला, खार जास्ती झालाय म्हून."